नराकु म्हणजे आपला नरकच का? आणि इनुयाशातला यक्ष

प्रश्न असा होता की ‘इनुयाशा’ या मांगातल्या, म्हणजे जपानी चित्रकथेतल्या, व्हिलनचं नाव नराकु, ते आपल्या नरकावरून आलंय की नुसता कानाचा भास, आणि मग ‘याशा’ म्हणजे कोण, राक्षस का? शिवाय घरातल्या पोरांना ही गोष्ट मराठीत सांगायची तर किक्योला, म्हणजे त्यातल्या मरून परत उठलेल्या पुजारिणीला, भूत म्हणायचं की हडळ.

नरकच आहे हो. बौद्ध ग्रंथ चिनीत गेले तेव्हा भाषांतर करणाऱ्यांनी बऱ्याच संस्कृत शब्दांचा अर्थ न देता उच्चारच चिनी अक्षरांत बसवला, तीच अक्षरं पुढे जपानला गेली आणि तिकडच्या जिभेवर नरकाचं नराकु झालं. गंमत म्हणजे शेवटचा ‘कु’ हा आपल्या नरकातला ‘क’ नाहीच. तो बिचारा वाटेत गळाला. त्याच्या आधीच्या अक्षराचा जुना चिनी उच्चार क् वर संपायचा, जपानीला असा पाय मोडलेला क् चालत नाही, म्हणून त्याला उकार चिकटला. त्या अक्षराचा स्वतःचा अर्थ ‘पडणे’, त्यामुळे जपानी वाचकाला या नावात खाली कोसळणं पण दिसतं. नेहमीच्या नरकाला ते जिगोकु म्हणतात, नराकु म्हणजे तळ न लागणारी खोली, आणि काबुकीत, म्हणजे जपानच्या पारंपरिक नाटकात, स्टेजच्या खाली जो अंधारा भाग असतो ना, जिथून वरची यंत्रं हलवतात, त्यालाही नराकुच म्हणतात.

आता हे नाव त्या कॅरेक्टरला किती फिट बसतं बघा. ओनिगुमो नावाचा एक दरोडेखोर, अंगभर भाजलेला, जागचा हलता येत नाही, गुहेत पडून आहे आणि किक्यो ही पुजारीण रोज येऊन त्याची शुश्रूषा करते. हा तिच्यासाठी झुरतो, आणि ती हवीच म्हणून शेवटी स्वतःचा देह योकाईंच्या, म्हणजे जपानी लोककथांतल्या मायावी जिवांच्या, हवाली करतो, त्यातून जो उठतो तो नराकु. मग तो इनुयाशाचं, म्हणजे किक्योचं ज्याच्यावर प्रेम आहे त्या नायकाचं, रूप घेऊन किक्योला जखमी करतो, तिला वाटतं यानेच दगा दिला, ती खऱ्या इनुयाशाला बाणाने झाडाला खिळते आणि त्याच जखमेने मरते. पन्नास वर्षं तो त्या झाडाला! शेवटी शेवटी कळतं की या महाशयांना, ज्या इच्छा पुरवणाऱ्या मण्यामागे गोष्टीत सगळे लागलेत, त्या मण्यापेक्षा किक्योचं मन हवं होतं, आणि तेच कधी मिळालं नाही. रुमिको ताकाहाशीबाईंनी १९९६ ते २००८ एवढी वर्षं, ५६ खंड ही गोष्ट चालवली, मधे मधे ती ताणलीये हे मी फॅन असूनही म्हणेन, पण नराकुला नुसता दुष्ट न ठेवता त्याच्या पोटात ते जळकं प्रेम ठेवलं ते भारी आहे.

याशा म्हणजे मात्र राक्षस नाही, यक्ष. इनु म्हणजे कुत्रा. राक्षस त्याच वाटेने वेगळा गेला, त्याचं तिकडे रासेत्सु झालं. याशाची दोन अक्षरं सुटी वाचली तर ‘रात्र’ आणि ‘बेचकं’ असा अर्थ निघतो, पण ती फक्त उच्चारासाठी आहेत, त्यावरून रात्री फिरणारा वगैरे कथा रचू नका. तिकडचे हे याशा बिशामोन देवाचे सेवक, बिशामोन म्हणजे वैश्रवण, म्हणजे आपला कुबेर! आणि कालिदासाचा यक्ष कुणाचा सेवक होता? त्याच कुबेराचा. रामगिरीवर, म्हणजे बरेच जण मानतात त्याप्रमाणे आपल्या रामटेकला, वर्षभर बायकोच्या विरहात बसलेला. ताकाहाशीबाईंच्या डोक्यात हे होतं असं माझं अजिबात म्हणणं नाही, जपानीत याशा म्हटलं की उग्र, भयंकर असंच काहीतरी डोळ्यासमोर येतं, पण विरहात अडकलेला यक्ष दोन्हीकडे निघावा याची मला आपली मजा वाटते.

आणि यक्षाची घसरण काय फक्त तिकडेच झाली नाही. आपली जखीण कुठून आली? यक्षिणीवरून! कोकणात सवाष्णपणी मेलेल्या बाईची जखीण होते असं मानायचे.

आता किक्यो. तिला हाडं आणि थडग्यातली माती कालवून पुन्हा उभी केलेली आहे, आणि मेलेल्या बायकांचे आत्मे आणून घालावे लागतात तेव्हा ते शरीर चालतं. सुरुवातीला एकदा ती इनुयाशाला मिठी मारते आणि जमीन दुभंगून दोघं नरकात जायला लागतात, तेवढ्या पानांपुरती हडळ म्हणा हवं तर. पण पुढे तीच बाई गावोगाव आजाऱ्यांची सेवा करत फिरते, पोरं तिच्या मागे मागे असतात, आणि दुसऱ्यांदा मरते ती इनुयाशाच्या कुशीत, कसलाही राग न ठेवता, तिथे हडळ हा शब्द वाचताच येणार नाही. जखीणही मला जवळची वाटली होती पण सवाष्णपणाची अट आडवी येते, हिचं तर लग्नच राहिलं. सरळ ‘किक्यो’ म्हणा आणि पहिल्यांदा ओळख करून देताना ‘मेलेली, पण जीव अडकलेली’ एवढं सांगा, ‘जीव अडकणे’ पोरांनाही बरोबर कळतं. योकाईला योकाईच ठेवा, भूत म्हटलं तर मेलेला माणूस वाटतो आणि ते मेलेले नसतात. सैतान तर नकोच, तो वेगळ्याच धर्मातला.