कोनाचा किनारा : पाच दिवस, कॉफी, इतिहास आणि दुखरे गुडघे

प्रश्न : ताई नमस्कार. मुलगा कॅलिफोर्नियात असतो, ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघं त्याच्याकडे जातोय आणि तिथून तो आम्हाला पाच दिवस हवाईला नेणार आहे, बिग आयलंडच्या कोना किनाऱ्यावर. ह्यांना कॉफीचं वेड आणि मला इतिहासाचं. पण माझे गुडघे धड नाहीत आणि मुलाच्या यादीत रोज चार-चार ठिकाणं आहेत, ज्वालामुखी, बीच, डॉल्फिन, डोंगर सगळंच. काय ठेवू आणि काय गाळू? — एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : ताई, अर्धी यादी गाळा, अगदी मुलाचं मन मोडून गाळा. मी आणि माझी बहीण गेलो तेव्हा पहिले दोन दिवस असेच गाडीत घालवले, आणि मग तिसऱ्या दिवशी एका कॉफीच्या शेतावर सकाळी गेलो ते दुपारीच निघालो, आज आठवतं ते तेवढंच. ज्वालामुखीचं नॅशनल पार्क कोनाहून गाडीने दोन-अडीच तास लांब आहे, जायचंच तर त्यासाठी एक अख्खा दिवस वेगळा काढा, आणि बाकीचे चार दिवस किनारा सोडू नका.

तसाही लाव्हा तुम्हाला उतरल्या उतरल्याच दिसणार आहे. कोनाचा विमानतळच १८०१ साली हुआलालाई ज्वालामुखीतून आलेल्या लाव्हावर बांधलाय, बाहेर पडलं की दोन्ही बाजूंना नुसता काळा कातळ. बहीण म्हणाली, अगं हा तर आपला काळाराम मंदिराचा दगड! खरंच तोच, बेसाल्ट. फरक वयाचा, आपल्या सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा आणि हा जेमतेम सव्वादोनशे.

आता कॉफी. ऑक्टोबर म्हणजे ऐन तोडणीचा हंगाम, ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत चालतो, त्यामुळे तुम्ही अगदी वेळेवर जाताय. (फुलं बघायची असती तर फेब्रुवारी-मार्च, झाडं पांढरीशुभ्र होतात, तिथे त्याला कोनाचा बर्फच म्हणतात.) कॉफी इथे १८२८ साली सॅम्युअल रगल्स नावाच्या मिशनऱ्याने आणली. चिकमंगळूर-कुर्गला कॉफी मोठ्या झाडांच्या सावलीत असते ते तुम्ही बघितलं असेल, कोनाला बऱ्याच शेतांत तशी झाडं दिसत नाहीत, कारण सकाळी ऊन असतं आणि दुपारी डोंगराच्या अंगाने ढग उतरतात, सावली आभाळच करतं. म्हणून शेतावर सकाळीच जा.

शेतं लहान, बरीचशी पाच एकराच्या आतली, घरचीच माणसं राबतात. एकाच फांदीवर हिरवी, पिवळी, लाल अशी सगळी फळं असतात आणि फक्त लाल तेवढी हाताने तोडायची, म्हणजे त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा यायचं. आमच्यासमोर एक बाई कमरेला टोपली बांधून, आकडीने फांदी खाली ओढून तोडत होती. तिने एक फळ माझ्या हातात दिलं, चिमटीत दाबलं तर दोन बिया सटकन बाहेर, अंगावर बुळबुळीत गोडसर गर. अशी साधारण सात किलो फळं तोडली की एक किलो भाजलेली कॉफी होते. द्राक्षाच्या गावात राहणाऱ्या माणसाला ही मेहनत वेगळी समजावून सांगायला नको.

कॅप्टन कुक नावाच्या गावात एका जपानी कुटुंबाचं जुनं शेत जसंच्या तसं जपलंय, कोना कॉफी लिव्हिंग हिस्टरी फार्म, ते चुकवू नका, फक्त कोणत्या दिवशी उघडं असतं ते आधी बघून घ्या. तिथे होशिदाना आहे, म्हणजे कॉफी वाळवायची माची, तिला रुळांवर सरकणारं छप्पर. वाळवणावर पाऊस आला की आपली गच्चीवर कशी पळापळ होते, तिथे नुसतं छप्पर ढकलायचं! एके काळी तिथल्या शाळांची मोठी सुट्टीसुद्धा तोडणीच्या हंगामात असायची, मुलांचे हात लागायचे म्हणून.

इतिहासासाठी दोन ठिकाणं. एक केआलाकेकुआ उपसागर, जिथे १४ फेब्रुवारी १७७९ ला इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन जेम्स कुक मारला गेला. त्याची एक होडी चोरीला गेली म्हणून तो तिथल्या राजाला, कलानिओपुऊला, ओलीस धरायला गेला आणि किनाऱ्यावरच झटापट झाली. तिथे पांढरा स्मारकस्तंभ आहे, पण पायवाट सरळ उताराची, येताना तेवढाच चढ, तुमच्या गुडघ्यांनी ती करूच नका. समोरच्या नापोओपोओ बाजूला गाडी खाली पाण्यापर्यंत जाते, तिथून स्तंभ दिसतो, हिकिआऊ हे तिथलं जुनं देवस्थानही त्याच बाजूला आहे.

दुसरं होनाउनाउचं जुनं शरणस्थान, आणि एकच ठिकाण बघायचं असेल तर हेच. पूर्वी हवाईत कापू नावाचे कडक विटाळ-निषेध होते, मोडले तर मरण. बायकांनी पुरुषांबरोबर जेवायचं नाही, केळं नाही, नारळ नाही, डुकराचं मांस नाही. पण अपराधी माणूस पळत, पोहत या आवारात पोचला की पुजारी त्याला शुद्ध करायचा आणि तो सुटायचा. चुना-माती न लावता रचलेली लाव्हाची भिंत अजून उभी आहे, पुरुष-दोन पुरुष उंच. मी तिला हात लावून उभी होते आणि मला एकदम काळारामच आठवलं, देवाच्या दारात आत यायला आपल्याकडे १९३० साली सत्याग्रह करावा लागला. तिकडे १८१९ मध्ये राजा लिहोलिहो सगळ्यांसमोर बायकांच्या पंगतीला जाऊन बसला आणि जेवला, आणि कापू तिथेच मोडले. हे झालं कोनाच्याच काइलुआ गावात, आता तिथे हॉटेलं आहेत, पण धक्क्याजवळ दोन मिनिटं थांबाच.

किरकोळ गोष्टी : गाडी लागतेच. सनस्क्रीन घेताना ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्झेट नसलेलं घ्या, प्रवाळाला त्रास होतो म्हणून तिथे त्याच्या विक्रीवर बंदी आहे. परतताना बॅगा तपासतात, ताजी कॉफीची फळं नेता येत नाहीत, भाजलेली कॉफी चालते. आणि घरी फोन करताना, नाशकात सकाळचे आठ म्हणजे तिथे आदल्या दिवशीचे दुपारचे साडेचार.

प्रश्न : भाचीने अमेरिकेहून कोना ब्लेंडचं पाकीट आणलं, घरच्या फिल्टरमध्ये केली तर काही खास लागली नाही. आमचं काय चुकलं? — एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : तुमचं काही चुकलं नाही हो. पाकीट नीट वाचा, ब्लेंड लिहिलं असेल तर आत कोनाची कॉफी १० टक्केच असू शकते, बाकी दुसरीकडची. १०० टक्के कोना असं स्पष्ट छापलेलं असेल तेच खरं. आणि ती मिळाली तर पहिला कप बिनदुधाचा, बिनसाखरेचा घ्या, चिकोरी तर अजिबात नको, आपल्या फिल्टर कॉफीसारखी दाट करायला गेलात तर तिचा हलका गोडवा दुधात बुडून जातो. बिया अख्ख्या आणायला सांगा भाचीला, आणि लागेल तेवढ्याच दळा.