पोळी सोडली, ब्रेड धरला, काटा काही हलेना

आहाराची प्रश्नोत्तरं

यावेळच्या पत्रांमध्ये ब्रेडचीच गर्दी आहे, त्यामुळे उपासाचे आणि थायरॉईडचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, रागावू नका.

प्रश्न: ताई, माझं वय ३८, उंची पाच फूट तीन इंच, वजन ७४ किलो. दोन महिन्यांपासून डाएट करून राहिली. आधी दिवसाला पाच पोळ्या व्हायच्या, त्या पूर्ण बंद केल्या. आता सकाळी दोन ब्राऊन ब्रेड बटर लावून, दुपारी वरण-भाजीसोबत दोन ब्रेड, चार वाजता चहासोबत तीन टोस्ट आणि रात्री जेवणच नाही, फक्त एक ग्रिल सँडविच चीज स्लाइस टाकून. भाताकडे तर पाहतही नाही. तरी काटा तिथंच. सासूबाई म्हणतात मैद्यानं पोट सुटते, मिस्टर म्हणतात ब्राऊन ब्रेडमध्ये मैदा नसतेच. कोणाचं खरं? – एक वाचक, मनीषनगर

उत्तर: आधी हिशोब मांडू, मग सासूबाई आणि मिस्टरांकडे येऊ.

पाकिटातल्या साध्या ब्रेडची एक स्लाइस २५ ते ३० ग्रॅमची असते, तिच्यात सत्तर-पंच्याहत्तर कॅलरी, मग ती पांढरी असो का ब्राऊन. तुमच्या दिवसभरात सहा स्लाइस होतात, म्हणजे सव्वाचारशेच्या वर. सकाळचं बटर दहा ग्रॅम धरलं तर सत्तर. सँडविचला आतून बाहेरून मिळून पंधरा ग्रॅम तरी लागतंच (ग्रिलला चिकटू नये म्हणून बाहेरून लावतो ते कोणी मोजतच नाही), त्याचे शंभरच्या वर. चीज स्लाइसचे साठ. तीन टोस्टचे सव्वाशे-दीडशे. सगळं मिळून आठशेच्या घरात जातं. आणि पाच पोळ्या? तीस ग्रॅम कणकेची पोळी, आपल्याकडची घडीची, तेल लावलेली, तिच्या १२० ते १३० कॅलरी. पाचाच्या सहाशे ते साडेसहाशे. म्हणजे तुम्ही सहाशेची वस्तू सोडून आठशेची घेतली, आणि वर दोन महिने मनाला मारलं ते वेगळंच.

आता यात ब्रेडचा दोष किती? निम्म्याला निम्मा तर त्याच्यासोबत आलेल्या मंडळींचा आहे. पोळीसोबत भाजी येते, वरण येतं, कधी कोशिंबीर. ब्रेडसोबत बटर, चीज, जाम, सॉस येतात, कारण कोरडा ब्रेड घशाखाली उतरत नाही. तुम्ही दुपारी वरण-भाजीसोबत खाता ते दोन ब्रेड मला मुळीच खटकत नाहीत, दिवसातलं तेच तुमचं सगळ्यात शहाणं जेवण आहे.

दुसरी गोष्ट पोट भरण्याची. १९९५ साली सिडनी विद्यापीठात एक अभ्यास झाला होता, सारख्याच कॅलरीचे वेगवेगळे पदार्थ लोकांना खायला देऊन पुढचे दोन तास पोट किती भरलेलं वाटतं ते विचारलं. पांढऱ्या ब्रेडला १०० गुण धरले, तर उकडलेल्या बटाट्याला ३२३ मिळाले! ज्या बटाट्याला आपण डाएट म्हटलं की पहिले घराबाहेर काढतो तो. ब्रेड मऊ, हवेनं फुगवलेला, चार घासांत संपतो, फार चावावं लागत नाही, मग दीड-दोन तासांत हात टोस्टच्या डब्यात. तुमचे चारचे टोस्ट तिथूनच येतात असा माझा अंदाज आहे.

आता मैदा. मैदा आणि कणीक यांच्या कॅलरीत फार फरक नाही हो, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात १०० ग्रॅम मैद्याला साधारण ३५० आणि कणकेला ३२० आहेत. खरा फरक फायबरचा, कणकेत ११ ग्रॅम आणि मैद्यात पावणेतीन. म्हणजे सासूबाईंचं म्हणणं अगदीच वाऱ्यावरचं नाही, पण मैदा एकटा पोट सुटवत नाही, दिवसाची एकूण बेरीज सुटवते. आणि मिस्टरांना सांगा पाकीट उलटं करून मागचं बारीक अक्षर वाचायला. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात, जे सगळ्यात जास्त ते आधी. पहिलं नाव रिफाइंड व्हीट फ्लोअर असेल तर तो मैद्याचाच ब्रेड, आणि खाली कॅरमेल कलर किंवा १५०ए असा आकडा दिसला तर त्या ब्राऊनपणात रंगाचाही हात आहे. पहिलं नाव होल व्हीट फ्लोअर किंवा आटा असेल, पुढं टक्केवारी छापली असेल आणि १०० ग्रॅमला फायबर सहाच्या वर असेल तर घ्या खुशाल.

मग करायचं काय? पोळी परत सुरू करा. दुपारी दोन पोळ्या नाहीतर दोन ब्रेड, रात्री दोन पोळ्या आणि वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, भाजी भरपूर. सकाळी ब्रेडच हवा असेल तर दोन स्लाइस, पण बटरऐवजी अंडं, नाहीतर पनीर कुस्करून त्यात कांदा, सांबार (म्हणजे कोथिंबीर) आणि मिरची, नाहीतर मुगाचा चिला करून त्यात गुंडाळलेला. टोस्टचा डबा घरात ठेवूच नका, समोर असला की हात जातोच, माझाही जातो. रोज अडीचशे कॅलरी कमी झाल्या तर कागदावर महिन्याला साधारण एक किलो उतरतं, कारण एक किलो चरबी म्हणजे ७,७०० कॅलरीच्या आसपास. प्रत्यक्षात शरीर एवढं सरळ वागत नाही, कधी पाणी धरतं, पाळीच्या आधी काटा वर जातो, म्हणून रोज काट्यावर चढू नका. कमरेला टेप लावून पाहा, आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटीमीटरच्या वर गेलं की काळजी घ्यायची. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती त्याचा आकडा, २९ च्या जवळ येतो, भारतीयांसाठी २५ पासूनच लठ्ठपणा धरतात, त्यामुळे प्रयत्न योग्यच आहे, फक्त दिशा बदला. आणि हो, रात्री सँडविच खाऊन "जेवणच नाही" म्हणता ते मला पटलं नाही, सव्वातीनशे कॅलरीचं ते जेवणच झालं की.

प्रश्न: पोळीऐवजी ज्वारीची भाकर खाल्ली तर वजन पटकन कमी होते काय? – एक वाचक, महाल

उत्तर: पटकन काहीच होत नाही बाप्पा. ज्वारी उत्तम, फायबर भरपूर, पण आपली भाकर हातभर! साठ-सत्तर ग्रॅम पिठाची एक भाकर म्हणजे दोनशेच्या वर कॅलरी, म्हणजे पोळ्या जवळजवळ दोन. झुणक्यासोबत एक खाऊन थांबता येत असेल तर जरूर खा. झुणक्यात तेलाचा तवंग दिसत असेल तर तो हिशोब वेगळा.

प्रश्न: मॅडम, माझं इतवारीत दुकान आहे. पहिले सकाळी आलुबोंडा-तर्री खायचो, वजन वाढलं म्हणून डॉक्टर रागावले, तर आता ब्रेड पकोडा खातो. ब्रेड हलका असते म्हणून. चालते ना? – एक दुकानदार

उत्तर: भाऊ, वाचून हसू आवरलं नाही, माफ करा. ब्रेड जाळीदार असतो, तळताना आलुबोंड्यापेक्षा जास्त तेल पिऊन घेतो, आत बटाटा तोच, वरून बेसन तेच, वर मैद्याच्या दोन थरांची भर. तुम्ही दुप्पट केलं काम. आणि सकाळी फुटाळा नाहीतर अंबाझरी तलावाला तीन चकरा मारून येता येता गाडीवर उभं राहणाऱ्या तमाम मंडळींनाही हे सांगायचंय, पाऊण तास झपाझप चालून दोनशेच्या आसपास कॅलरी जातात, आणि वरून चिवडा टाकलेली, लाल तेलात पोहणारी तर्री-पोह्यांची प्लेट त्या दहा मिनिटांत परत आणते, सोबत चहा असला तर व्याजासकट. तर्री पोहे सोडा असं मी नागपुरात राहून म्हणणार नाही, लोक घरावर दगड मारतील. आठवड्यातून एकदा खा, हरभरे जास्त, तर्री कमी म्हणून सांगा, बाकी दिवस घरून डबा न्या. दुकानात बसल्या बसल्या मोड आलेले मूग आणि एक पोळीचा रोल सहज खाल्ला जातो.

प्रश्न: ब्रेड भाजून खाल्ला की त्याच्या कॅलरी जळून जातात असं जिममध्ये सांगितलं. – एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर: पाणी उडतं, कॅलरी तिथंच. वजन हलकं झालं म्हणून उलट एकाऐवजी दोन जास्त खाल्ले जातात.

प्रश्न: बाबांना डायबिटीस आहे, वजनही कमी करायला सांगितलंय. आम्ही मुद्दाम महागाचा होल व्हीट ब्रेड आणतो. तो कितीही चालतो ना? – एक मुलगी, धरमपेठ

उत्तर: कितीही तर नाहीच. ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झपाट्यानं चढते त्याचा आकडा, २००८ च्या आंतरराष्ट्रीय तक्त्यात पांढऱ्या ब्रेडचा ७५ आणि होल व्हीट ब्रेडचा ७४ आहे. हो, एकाच गुणाचा फरक! कारण धान्य अख्खं असलं तरी दळण इतकं बारीक असतं की पोटात गेल्यावर दोन्हींची साखर व्हायला वेळ लागत नाही. त्याच तक्त्यात आपली चपाती ५२ आणि रोटी ६२ वर आहे, आणि ज्या ब्रेडमध्ये अख्खे दाणे दिसतात, दाताखाली येतात, तो ५३ च्या आसपास. म्हणून पाकिटावरच्या नावापेक्षा स्लाइस हातात घेऊन पाहा, दाणे दिसतात का. फायबरसाठी होल व्हीट चांगलाच, पैसे वाया गेले असं नाही, पण एका वेळी एक-दोन स्लाइस, आणि आधी काकडी-टमाटर आणि अंडं किंवा दही, मग ब्रेड, म्हणजे साखर हळू चढते. ब्रेड फ्रीझरमध्ये गोठवून मग भाजला तर साखर थोडी कमी चढते असं २००८ च्याच एका छोट्या प्रयोगात दिसलं होतं, उन्हाळ्यात ब्रेड तसाही फ्रीझरमध्येच टिकतो, तेव्हा करून पाहायला हरकत नाही, पण त्या भरवशावर चार स्लाइस देऊ नका. बाबा जर इन्सुलिन किंवा साखर एकदम कमी करणाऱ्या गोळ्या घेत असतील तर जेवणात मोठा बदल करण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, हे टाळू नका.

प्रश्न: ब्रेडमध्ये कॅन्सरचं केमिकल असते म्हणून आमच्या घरी ब्रेड बंद आहे. खरं का? – एक वाचक, नंदनवन

उत्तर: ते पोटॅशियम ब्रोमेट, ब्रेड छान फुगावा म्हणून पिठात घालायचे ते. २०१६ मध्ये दिल्लीच्या एका संस्थेनं ब्रेडचे नमुने तपासल्यावर गाजावाजा झाला आणि त्याच वर्षी सरकारनं त्याच्यावर बंदी घातली. ब्रेडवर २८२ आकडा दिसतो तो कॅल्शियम प्रोपिओनेटचा, बुरशी लागू नये म्हणून, त्याला घाबरायचं कारण नाही. मला मिठाची जास्त काळजी वाटते, ब्रेड गोडसर लागतो म्हणून मीठ जाणवत नाही, पण १०० ग्रॅमला एक ग्रॅमच्या आसपास असतंच, आणि दिवसभरात एकूण मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवायचं असतं. बीपीवाल्यांनी हे लक्षात घ्या. खारीबद्दलही दोघांनी विचारलंय, तिचे पापुद्रे मैदा आणि डालड्यासारख्या तुपाचे असतात, वजन कमी करणाऱ्यानं तिच्याकडे पाठ फिरवलेलीच बरी.

प्रश्न: ताई मी इंजिनिअरिंगला आहे, होस्टेलवर राहतो, मेसचा नाश्ता नऊला संपते आणि मी उठतो दहाला. रूमवर फक्त इलेक्ट्रिक केटल आहे. ब्रेड-जाम खाऊन खाऊन एका वर्षात ९ किलो वाढलो. स्वस्तात काय खाऊ? – एक विद्यार्थी, हिंगणा रोड

उत्तर: पहिले तर नऊच्या आत ऊठ, मेसचे पैसे तर भरलेच आहेत ना. नाहीच जमलं तर ब्रेड राहू दे, जाम बंद कर, त्यात अर्ध्याहून जास्त साखरच असते. केटलमध्ये अंडी उकडता येतात, पाणी उकळलं की बंद करून झाकण लावून बारा-पंधरा मिनिटं तशीच ठेव, दोन अंडी आणि दोन स्लाइस मिळून तीनशे कॅलरी आणि पंधरा-सोळा ग्रॅम प्रोटीन होतं, दुपारपर्यंत भूक लागत नाही. अंडं खात नसशील तर घरून शेंगदाण्याची कोरडी चटणी मागव, दह्यात कालवून ब्रेडला लाव, पण चटणी दोन चमचेच, शेंगदाण्यात तेल भरपूर असतं. रात्री बारानंतर चौकात जी मॅगी आणि चीज सँडविच होतात त्याबद्दल तू काही लिहिलं नाहीस, पण ९ किलो नुसत्या जामनं वाढत नाहीत रे. पुढच्या पत्रात तेही लिही, मग बोलू. केटल वापरून झाली की घासून ठेव, रूममेटचा चहा अंड्याचा वास मारेल.