चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन उभ्या गाडीत थरथरतं आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. काय बिघडलं असेल?

बहुतेक एक सिलिंडर मिसफायर होतोय, म्हणजे त्यातलं पेट्रोल नीट पेटत नाही. अशा इंजिनांत फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, सहसा १-३-४-२ असते आणि क्रँकशाफ्ट या मुख्य फिरत्या दांड्याच्या दर १८० अंशांना एक स्फोट होतो. एक जरी चुकला तरी दर दोन फेऱ्यांना हिसका बसतो.

आधी गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा. पी०३०१ ते पी०३०४ यांतला कोड आला, तर शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडरचा नंबर. प्रत्येक स्पार्क प्लगवर वेगळी कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) असेल तर इंजिन बंद करून त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्याशी अदलाबदल करा. कोडही शेजारी सरकला की कॉइल गेली. नाही सरकला तर प्लग, मग इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) याच पद्धतीने तपासा. प्लगच्या खळग्यात ऑइल दिसलं तर व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट किंवा तिथलं सील गळतंय; नुसता प्लग बदलून उपयोग नाही.

एवढं करूनही फरक पडला नाही तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. कूलंटही कमी होत असेल तर मला हेड गॅस्केटचा (इंजिन ब्लॉक आणि हेड यांमधल्या सीलचा) संशय येईल.

दिवा लुकलुकत असताना मात्र गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो जळाला की कॉइलपेक्षा कितीतरी मोठा खर्च येतो.