सराफ आणि सोनार एकच का?

सराफ आणि सोनार एकच का, आणि सराफ हा शब्द 'शराफत'वरून आलाय का, असं विचारलंय. दोन्हीचं उत्तर नाही.

सोनार म्हणजे सुवर्णकार, दागिना घडवणारा. सराफ मात्र अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला, मूळ रूप 'सर्राफ', अर्थ नाणी बदलून देणारा. शराफत, अशर्फी हे शब्द श-र-फ या धातूचे (म्हणजे शब्दाच्या मुळाचे), सराफ स-र-फ चा, दोघांचं काही नातं नाही. आखातात राहणाऱ्यांनी एटीएमला अरबीत 'सर्राफ आली' म्हणतात ते ऐकलं असेल, तो हाच सराफ, आली म्हणजे यंत्राचा.

मग सोनं कुठून आलं यात? त्यासाठी पेशवाईतला बाजार बघायला हवा. अंकुशी, चांदवडचा चांदवडी, बागलकोटचा मल्हारशाही, शिवाय सुरती, अर्काटी, सगळे रुपयेच, पण वजन आणि चांदी कमीजास्त, त्यात वापरून झिजलेली नाणी वेगळीच, त्यामुळे शंभर रुपये देतो म्हटलं की कुठले शंभर हे आधी ठरवावं लागायचं. सराफ नाणं वाजवून, तोलून बघायचा, किंमत सांगायचा आणि जो फरक कापून घ्यायचा तो बट्टा. 'नावाला बट्टा लागला' म्हणतो ना आपण, ते मला तरी इथलंच वाटतं. परगावी पैसे पाठवायचे तर हुंडीही (तिकडे पैसे द्यावेत अशी चिठ्ठी) बरेचदा सराफाच्याच पेढीवर.

पुढे 1835 मध्ये कंपनी सरकारनं 180 ग्रेनचा (साधारण 11.66 ग्रॅम) एकच रुपया ठरवला. जुनी नाणी काही लगेच गेली नाहीत, पण हळूहळू नाणं पारखायची गरजच संपली, हुंडीचं बरंचसं काम बँकांकडे गेलं, आणि पिढ्यान् पिढ्या चांदी-सोनं पारखणाऱ्या या लोकांकडे तीच पारख आणि भांडवल उरलं. माझ्या मते सराफकट्ट्यावर आज दागिने दिसतात ते त्यामुळे. नाहीतर घडवणारे हात सोनाराचेच होते आणि आजही बऱ्याच ठिकाणी कारागीर वेगळा, सराफ वेगळा.

इंग्रजांनी याचंच 'श्रॉफ' केलं, बँकेत नाणी तपासणारा माणूस या अर्थानं, श्रॉफ आडनावही त्यातलंच. हाँगकाँगला तर पार्किंगचे पैसे भरायच्या खिडकीवर अजून 'श्रॉफ' लिहिलेलं असतं.