दोन जुन्या मराठी-इंग्रजी कोशांत अर्थ शब्दशः सारखा असेल, तर चोर कोण, म्हणजे कोणी कोणाचा उचलला, हे कसं ओळखायचं, असं तुम्ही विचारलंय.

बरोबर असलेल्या मजकुरावर वेळ घालवू नका, चुका शोधा. ‘पळी’ म्हणजे काय, हे दोघांनी वेगवेगळं बसून लिहिलं तरी चार-सहा शब्द जुळणारच. वर्गात दोघांचं गणित बरोबर आलं तर मास्तर काही म्हणत नाहीत. दोघंही एकाच जागी हातचा एक विसरले की छडी निघते.

पण सारख्या चुकीवरून फक्त नातं कळतं. दिशा कळायला ती चूक कुठे जन्मली ते दिसावं लागतं. १९३४च्या वेबस्टर या इंग्रजी कोशात ‘डॉर्ड’ (dord) असा शब्द छापला गेला, अर्थ ‘घनता’. असा शब्दच नाही! रसायनशास्त्राच्या संपादकाने १९३१ साली चिठ्ठी केली होती: ‘डी ऑर डी’ (D or d), म्हणजे घनतेसाठी मोठा किंवा छोटा डी. ती लघुरूपांच्या गठ्ठ्यात जायची, शब्दांच्या गठ्ठ्यात गेली आणि तीन तुकड्यांचा एक शब्द झाला. याला व्युत्पत्तीच दिलेली नाही, हे १९३९ मध्ये एका संपादकाला खटकलं. आता दुसऱ्या एखाद्या कोशात ‘डॉर्ड’ सापडला, तर तो कुठून आला हे वेगळं सांगायला नको.

काही जण तर उचलेगिरी पकडायला चूक मुद्दाम पेरतात. अमेरिकेत कॅन्ससमधल्या रूरल टेलिफोन कंपनीने आपल्या डिरेक्टरीत चार खोट्या नोंदी घातल्या होत्या. फाइस्ट या प्रकाशकाच्या डिरेक्टरीत १,३०९ नोंदी तंतोतंत जुळल्या, त्यांत त्या चारही. उचलेगिरी उघडी पडली, तरी १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टात रूरल हरली, कारण नाव-गाव-नंबर वर्णानुक्रमे लावण्यात स्वतःची निर्मिती नाही. तेव्हा तुम्ही प्रश्नात वापरलेला ‘चोर’ हा शब्द जरा जपून.

आता तुमचे दोन कोश. मी आधी तिसऱ्याची झडती घेईन: मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. पहिली आवृत्ती १८३१ची, वाढवलेली दुसरी १८५७ची. बाबा पदमनजींनी १८६३ मध्ये त्याचाच संक्षेप काढला, तोही नावातच तसं सांगून. त्यामुळे नंतरचे दोन कोश जुळले, तर दोघांनीही एकमेकांचं तोंड न बघता मोल्सवर्थमधूनच घेतलेलं असू शकतं.

इथे गाळलेला मजकूर कामाला येतो. मोल्सवर्थमधली एखादी नोंद पदमनजींनी गाळली आणि ती तुमच्या कोशात मोल्सवर्थच्याच शब्दांत सापडली, तर निदान ती तरी पदमनजींकडून आलेली नाही. उलट, त्यांनी मोल्सवर्थचं लांबलचक वाक्य जिथे तोडलं, नेमकं तिथेच तुमच्याही कोशात तुटलं असेल आणि असं पाच-सहा ठिकाणी झालं असेल, तर कोशकाराच्या टेबलावर संक्षेपच उघडा होता असं मी म्हणेन.

आणि हो, साल बघताना फसू नका. मोल्सवर्थचं पुनर्मुद्रण १९७५ चंही आहे. तेवढंच साल बघितलं तर बापच लेकाची नक्कल करतोय असं वाटेल.

तो शब्द कोणता ते लिहा, आणि दोन्ही पानांचे फोटो टाका. व्याख्येपेक्षा खालची उदाहरणं आणि म्हणी नीट दिसू द्या.