पहिलं बंकरिंग आहे? मग आधी व्हेंट बघ

ज्युनिअर इंजिनिअर म्हणून जहाजावर चढतोयस, तर लगेच सगळे नियम पाठ करत बसू नकोस. बंकरिंग म्हणजे जहाजाच्या टाक्यांत इंधन तेल भरणं. टाकीत जेवढं तेल जातं तेवढी हवा व्हेंटमधून, म्हणजे टाकीच्या हवा जाण्या-येण्याच्या पाइपातून, बाहेर पडायला हवी, एवढं पक्कं ठेव. ती वाट तुंबली तर पंपाचा दाब टाकीच्या पत्र्यावर येतो. तेल उपसताना तुंबली तर पत्रा आत ओढला जातो. म्हणूनच पंपाने भरायच्या टाकीच्या व्हेंटचं एकूण क्षेत्रफळ भरण्याच्या पाइपच्या किमान सव्वापट ठेवतात.

सध्या व्हेंटचं एवढंच बघ:

- जाळी: ठिणगी आत जाऊ नये म्हणून असते. डेकवर रंगकाम झालं की तिच्यावर हमखास रंग बसतो. बाहेरून चकचकीत दिसतंय म्हणून पुढे जाणं ही नव्या पोरांची नेहमीची चूक. उघडून बघायचं, आळस नको.
- फ्लोट: व्हेंटच्या तोंडातला तरंगता भाग, लाटेचं पाणी अडवतो. मोकळा हलतो ना?
- व्हेंटखालचा, सांडलेलं तेल धरणारा ट्रे: साचलेलं पाणी काढ, बूच घट्ट लाव.

तेल सुरू झालं की व्हेंटपाशी हात धरून बघ. हवा भलत्याच टाकीच्या व्हेंटमधून येत असेल तर व्हॉल्व्ह चुकलाय, तिथेच थांबवायला सांग. उभा मात्र वारा येतो त्या बाजूला राहा. जड तेलाच्या वाफेत हायड्रोजन सल्फाइड असू शकतो. शेवटी टाकी भरत आली की वेग कमी करायला लाव आणि साउंडिंग घेत राहा, म्हणजे टाकीतल्या तेलाची पातळी मोजत राहा.

व्हेंटची उंची कुठल्या डेकवर ७६० मिलिमीटर आणि कुठे ४५०, ते सर्व्हेच्या, म्हणजे जहाजाच्या तपासणीच्या, वेळी बघू.