बेक्सहिलला फ्लॅट घेताय? आधी लीज बघा

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं बेक्सहिल निवडलंत, छान केलंत! ब्रायटनची गर्दी नको असणाऱ्याला इथला संथपणा मानवतो. पण खिडकीतून समुद्र दिसला म्हणून लगेच हो म्हणू नका.

इंग्लंडमधले बहुतेक फ्लॅट लीजहोल्ड असतात, म्हणजे फ्लॅट कायमचा नव्हे, ठरावीक वर्षांच्या पट्ट्यावर (लीजवर) मिळतो. किती वर्षं उरलीत ते पहिल्यांदा विचारा. 80 च्या खाली गेली की कर्ज मिळवणं आणि पुढे विकणं, दोन्ही जड जातं. नवखे फक्त किंमत बघतात. सर्व्हिस चार्जचे, म्हणजे इमारतीच्या देखभालीसाठी द्यायच्या पैशांचे, मागच्या तीन वर्षांचे हिशेब मागा, छताची वगैरे मोठी दुरुस्ती ठरलीय का तेही.

- सर्व्हेअर, म्हणजे घराची तपासणी करणारा तज्ज्ञ, स्वतःचा नेमा.
- जानेवारीत, वारा सुटलेला असताना फ्लॅट बघा. खिडकीच्या बिजागरीवर बोट फिरवा. खाऱ्या हवेचा गंज लगेच बोटाला लागतो. आमच्या बाल्कनीच्या कठड्याचा रंग दोन हिवाळ्यांत सोलून निघाला.

आणि संध्याकाळी 1935 च्या डी ला वॉर पॅव्हिलियन या समुद्रकाठच्या कलाकेंद्रासमोर एक फेरी माराच. बाकावरचे आजी-आजोबा आपणहून बोलतात.